अडुसष्टाव्या दिवशी निराधारपण संपतं

२१,००० भागिले ३१२. उत्तर येतं ६७.३.

२१,००० रुपये ही संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा. महिन्याची नव्हे, कुटुंबाची वर्षाची. ३१२ रुपये हा २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर मिळणारा रोज. म्हणजे नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेली, नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी किंवा अकोले तालुक्यातली एखादी बाई बांधबंदिस्तीच्या कामावर ६८ दिवस राबली, की कागदोपत्री ती निराधार उरत नाही. तिचे महिना १,५०० रुपये नियमावर बोट ठेवून बंद करता येतात. रोजगाराची हमी मात्र त्या साली १०० दिवसांची होती. एक खातं म्हणतं, शंभर दिवस काम देतो. दुसरं ६८व्या दिवशी म्हणतं, बाई, आता तुमचं बरं चाललंय.

यावर कोणी म्हणेल, तिने लाडकी बहीण योजनेत अर्ज करावा. तिथेही १,५०० रुपयेच मिळतात आणि उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे, जवळजवळ बारापट. तिजोरी तीच, रक्कम तीच. शिवाय परित्यक्ता स्त्रियांचा उल्लेख त्या योजनेच्या पात्रतेत स्पष्टपणे आहे. पण सप्टेंबर २०२५मध्ये या योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली आणि तीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओटीपी त्याच्या मोबाइलवर. ज्याच्या भीतीने बाईने स्वतःचा नंबर बदलला, त्यालाच फोन लावून 'तेवढे आकडे सांगा' म्हणायचं. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी मृत्युदाखला किंवा कोर्टाचा हुकूम जोडण्याची सोय झाली. टाकलेल्या बाईकडे यातलं काहीच नसतं. नवरा जिवंत आहे, घटस्फोट झालेला नाही आणि घर तर सुटलेलंच आहे.

हा पेच नवा नाही, आणि तो सगळ्यांत आधी चव्हाट्यावर मांडला गेला तो याच जिल्ह्यात. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली. अॅड. निशा शिवूरकर त्या लढ्यात पहिल्यापासून आहेत. त्यांचं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक त्याच कामातून आलं. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती. केंद्राच्या कायद्यातून ती २००१ साली गेली. म्हणजे परिषदेनंतर तेरा वर्षांनी.

नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बायका जिल्ह्यात किती असतील, याचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. २०११च्या जनगणनेत अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. त्यात स्त्रिया सुमारे २२ लाख. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रिया ९ लाख धरू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात या वयोगटातल्या २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. राज्याचं हे प्रमाण जिल्ह्याला लावलं तर आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास जातो. आधीच्या फेरीत राज्याचं प्रमाण २१.३ टक्के होतं. याच काळात देशाचं प्रमाण ३१.२ वरून २९.३वर उतरलं, महाराष्ट्राचं चढलं. हिंसा वाढली की बायका जास्त मोकळेपणी बोलल्या, हे नुसत्या टक्क्यांवरून ठरवता येत नाही. पण पुरोगामी महाराष्ट्र म्हणून पाठ थोपटून घ्यायलाही हा आकडा उपयोगाचा नाही.

त्याच सर्वेक्षणात देशपातळीवर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. सव्वादोन लाखांचे १४ टक्के म्हणजे ३१ हजारांहून जास्त. यातही बहुतेकींची मदत म्हणजे आई, भाऊ, बहीण. पोलीस आणि संस्था फार नंतर येतात.

बाहेर पडलेल्या सगळ्याच जणी कोर्टाची पायरी चढत नाहीत. २०११च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित स्त्रिया ९ लाखांच्या घरात होत्या, तर घटस्फोट न होता वेगळ्या राहणाऱ्या २३ लाखांहून जास्त. घटस्फोटितांच्या अडीचपट. योजना हुकूमनामा मागते आणि तो नसलेल्याच जास्त, असं हे गणित आहे.

आता घर सोडलेल्या बाईच्या नवखेपणाचं. परगावात ओळख नसलेली बाई म्हटलं की आपल्याला दुसऱ्या राज्यातून आलेली कोणी आठवते. पण याच जनगणनेत देशातल्या ४५ कोटी स्थलांतरितांपैकी जवळजवळ ४६ टक्क्यांनी गाव सोडण्याचं कारण सांगितलं ते लग्न. अर्थात त्या जवळजवळ सगळ्या बायकाच. सासरी तिला ओळखतात ते अमक्याची सून म्हणून. त्या घरातून बाहेर पडली की त्या गावात ती कोणाचीच नाही, आणि माहेरी परतली तर तिथलं रेशनकार्डवरचं नाव केव्हाच कमी झालेलं असतं. बचतगटात घ्यायला दहा-बारा जणींनी तिची खात्री द्यावी लागते. कालपरवा आलेल्या बाईची खात्री कोण देणार?

परराज्यातून आलेलीची कथा आणखी बिकट. जिल्ह्यात २०११ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८५२ होत्या. ती पिढी आता लग्नाच्या वयात येऊ लागली आहे आणि मध्यस्थाला पैसे देऊन लांबून मुलगी आणणं हा प्रकार गावोगाव ऐकू येतो. अशा मुलीवर हात उचलला गेला तर तिने जायचं कुठे? निराधार योजनेला महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास लागतो. लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या बाईला सवलत आहे, पण ती नवऱ्याच्या कागदांवर: त्याचा जन्मदाखला, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, त्याचा अधिवास. मारणाऱ्याच्या कपाटातली फाइल हाच तिचा पुरावा.

सरकारने काहीच केलेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १८१ ही हेल्पलाइन आहे. १ एप्रिल २०१५पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली. २०२४च्या ऑक्टोबरअखेर देशात ८०२ केंद्रं होती आणि तोवर १० लाखांहून अधिक महिलांना मदत मिळाली होती. केंद्रामागे सरासरी सव्वा हजार. एका छताखाली डॉक्टर, समुपदेशक, वकील, पोलीस, ही कल्पना उत्तमच. पण तिथे मुक्काम करता येतो पाच दिवस. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा (२००५चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६पासून) म्हणतो, अर्जावर पहिली तारीख तीन दिवसांत पडावी आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. पाच दिवसांचा निवारा आणि साठ दिवसांचा निकाल, मधले ५५ दिवस बाईचे. आणि तालुक्याच्या कोर्टात ज्याने एकदा तरी तारीख घेतली आहे, त्याला हे ६० दिवस कसे लांबतात ते वेगळं सांगायला नको.

त्यापुढे स्वाधारगृह. २०२२पासून मिशन शक्तीखाली त्याचं नाव शक्ती सदन झालं. जुन्या स्वाधार योजनेत घरगुती हिंसेमुळे आलेल्या बाईला एक वर्ष राहता येई आणि सोबतचा मुलगा आठ वर्षांपर्यंतचाच चालत असे. नव्या योजनेत मुलाचं वय वाढवलं, हे बरं झालं. नऊ वर्षांच्या पोराला मारकुट्या बापाकडे ठेवून स्वतः सुरक्षित जागी जायचं, हा पर्याय कुठल्या आईने घेतला असता?

निवाऱ्यानंतर काम. जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या, म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या हजारो घरांचं काम म्हणजे ऊसतोड. उत्तरेतले कारखाने याच जिल्ह्यातले. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच १९५०मध्ये प्रवरानगरला झाली. तोडणीचा दर जानेवारी २०२४च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. पण हा दर एकट्या माणसाला मिळत नाही, तो 'कोयत्या'ला मिळतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात पडते, आणि हंगामभर बायको ती अंगमेहनतीने फेडते. नवऱ्याला सोडलेली बाई फडात गेलीच तर 'अर्धा कोयता'. अर्धी उचल, आणि मोळी उचलून द्यायला जोडीदार नाही म्हणून टोळीत नकोशी. म्हणून कोपीत मार खाऊनही बायका हंगाम पुरा करतात.

फारशी कोणाला माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. हिंसाचाराच्या कायद्याचं कलम २७ सांगतं की बाई तात्पुरती जिथे राहते किंवा जिथे कामाला आहे, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो. बीडहून आलेल्या टोळीतल्या बाईला संगमनेर किंवा कोपरगावच्या कोर्टात दाद मागता येते, त्यासाठी गावी परतायची गरज नाही. हे तिला फडात जाऊन सांगणार कोण, एवढाच प्रश्न.

नोकरी लागली म्हणजे मार थांबतो, हेही खरं नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत कमावत्या स्त्रियांमध्ये हिंसेचं प्रमाण न कमावणाऱ्यांपेक्षा जास्त नोंदलं गेलं आहे. गरज मोठी असलेल्या घरातल्याच बायका जास्त करून मजुरीला जातात, हे त्याचं एक कारण. पगार कोणाच्या हातात जायचा यावरून होणारी भांडणं हे दुसरं. त्यामुळे शिलाई मशीन देऊन फोटो काढणाऱ्या कार्यक्रमांवर माझा फारसा विश्वास नाही. मशीन तीन महिन्यांत सासू किंवा दीर घेऊन जातो. बाईला लागते ती सोबत: बँकेत खातं तिच्या एकटीच्या नावावर उघडेपर्यंत, पहिला पगार तिच्या हातात पडेपर्यंत, तारखेला नवरा कोर्टाबाहेर उभा असेल तेव्हा शेजारी उभी राहणारी कोणीतरी.

अशी सोबत कशी घडवायची, याचा देशातला एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला, फक्त त्याचं नाव आरोग्य होतं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावांनी स्वतःतल्याच बायका निवडून पाठवल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. एक शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटलं आणि मोकळे झाले, असं झालं नाही. बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामी राहायच्या. सवर्ण आणि दलित एका पंगतीत जेवायच्या, शेजारी शेजारी झोपायच्या. गेल्या आठवड्यात गावात काय अडलं ते एकमेकींना सांगायच्या, डॉक्टरांशी वाद घालायच्या आणि परत जायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत. नव्वदच्या दशकात हे प्रमाण तिसाच्या आत आलं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माझ्या लेखी त्या १७६ वरून तिसाच्या आत येण्यामागे औषधांइतकाच दर आठवड्याच्या त्या मुक्कामाचा वाटा आहे. काल जिला गाव ओळखत नव्हतं, तिच्या हातात बाळंतपण सोपवायला गाव तयार झालं, कारण तिच्यामागे दुसऱ्या अनेक गावांतल्या तशाच बायका होत्या.

जिल्ह्यात संस्थांचा तुटवडा नाही. गिरीश कुलकर्णींनी १९८९ साली सुरू केलेलं स्नेहालय नगरच्या वेश्यावस्तीतल्या मुलांपासून सुरुवात करून पीडित स्त्रियांपर्यंत पोचलं. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर सोडल्या गेलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देतात; त्यांतल्या अनेकींना मराठीही येत नाही. अकोले तालुक्यातले हेरंब कुलकर्णी कोरोनानंतर एकल महिलांच्या प्रश्नावर राज्यभर फिरत आहेत. पण संस्थेच्या फाटकाबाहेर, चौदा तालुक्यांत, खोली भाड्याने घेऊन एकटी राहू पाहणाऱ्या बाईला पहिलं वर्ष तगवून नेणारी कोणी पगारी माणसं नाहीत.

त्याचा खर्च काढून पाहिला. दर तालुक्यात पाच, म्हणजे ७० बायका नेमायच्या; शक्यतो ज्या स्वतः यातून गेल्या आहेत अशा. प्रत्येकीकडे एका वेळी दहा जणी, वर्षभरासाठी. मानधन महिना १०,००० रुपये धरलं तर वर्षाचे ८४ लाख होतात. एवढ्यात ७०० जणींची सोय होते; वर काढलेल्या ३१ हजारांपुढे हा आकडा किरकोळ आहे, हे कबूल. पण ८४ लाख म्हणजे लाडकी बहीण योजनेतल्या ५,६०० महिलांचा एका महिन्याचा हप्ता. आणि नेमताना अट एकच घालावी: आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी तालुक्याला एकत्र बसायचं, एसटीचं अर्धं तिकीट काढून यायचं, आणि त्या दिवसाचाही रोज धरायचा.