मूळव्याध समजून सोडून देऊ नका

शौचावाटे रक्त जाऊ लागले की आपल्यातला नमाजी माणूस आधी मौलाना साहेबांना गाठतो. जमात पांगेपर्यंत थांबतो आणि हळू आवाजात विचारतो, "हजरत, बवासीर आहे, वुजूचं काय करायचं?" मसला कळतो, मन निश्चिंत होते. पण हे रक्त येते कुठून, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा राहूनच जातो. बवासीर, म्हणजे मूळव्याध, हे निदान त्याने स्वतःच केलेले असते.

पुष्कळदा ते खरेही निघते. मूळव्याध खूप जणांना असते आणि तिचा कर्करोग होत नाही. पण मोठ्या आतड्याच्या, विशेषतः त्याच्या शेवटच्या भागाच्या म्हणजे गुदाशयाच्या कर्करोगातही तसेच लाल रक्त जाऊ शकते. एकाच माणसाला खाली मूळव्याध आणि वर गाठ, असेही असते. रंग पाहून घरबसल्या फरक करता येत नाही. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात, ती पहिली पायरी. दोन मिनिटांचे काम. ते टाळून लोक जाहिरातीतले चूर्ण वर्ष वर्ष घेत राहतात.

आमच्या शाळेत पचनसंस्थेचा धडा आला की शेवटच्या अवयवाच्या नावावर वर्ग खुदकन हसतो. पोरांनी हसावे, पण मोठेपणी त्याच हसण्याची लाज होते. सासरे सुनेला सांगत नाहीत, आई मुलाला सांगत नाही.

हा आजार एका रात्रीत येत नाही. सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा कर्करोग होतो, पण त्याला साधारण दहा वर्षे लागतात. त्या काळात पॉलिप सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो आणि पुढचा आजार टळतो. अमेरिकेतील आकडे सांगतात, की कर्करोग आतड्यापुरताच असताना सापडला तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर दहातले एक-दोनच.

रक्ताखेरीज आणखी काही खुणा आहेत. शौचाची नेहमीची सवय बदलते, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. शौच बारीक होते. जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, पुन्हा जावेसे वाटते. पोटात कळा येतात, वजन उतरते. रमजानात पोट बिघडले की आपण इफ्तारच्या भज्यांवर खापर फोडतो. ते ठीक, पण ईद होऊन तीन आठवडे उलटले तरी पोट ठिकाणावर येत नसेल तर भज्यांचे नाव घेऊ नका.

एक खूण मात्र डोळ्यांना दिसतच नाही. आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थेंबाथेंबाने झिरपते, शौचात मिसळून जाते. कळते ते फक्त थकवा आल्यावर, जिना चढताना दम लागल्यावर, हिमोग्लोबिन कमी आल्यावर. घरातल्या बाईला अशक्तपणा असायचाच, हे आपण इतके गृहीत धरले आहे की लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि चौकशी तिथेच संपते. त्या गोळ्यांनी शौच काळे होते, त्यामुळे उरलीसुरली शंकाही त्यांच्यावरच जाते. पाळी गेलेल्या बाईचे किंवा कुठल्याही पुरुषाचे रक्त लोहाअभावी कमी झाले असेल, तर "रक्त जाते कुठे?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्रास नसताना करायची चाचणी वेगळी. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. म्हणून कुणी बोलावणार नाही, आपणच विचारायचे. अमेरिकेत २०२१ पासून ही तपासणी ५० ऐवजी ४५ व्या वर्षी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो, कारण तरुण वयातही रुग्ण आढळू लागले. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन याच आजाराने २०२० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी गेला. शौचातले लपलेले रक्त शोधणारी फिट चाचणी दरवर्षी करतात. कोलोनोस्कोपी निर्दोष आली तर सहसा दहा वर्षांनी पुन्हा. मात्र रक्त दिसत असेल तर फिट चाचणीवर थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

कोलोनोस्कोपीची लोकांना वाटते तेवढी दहशत नको. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करणारे औषध, हाच खरा कंटाळवाणा भाग. तपासणीच्या वेळी गुंगीचे औषध देतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होते. डॉक्टर बाई हव्या असतील तर वेळ घेतानाच सांगावे. रमजानात तारीख आली तर आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत आहेच, पण चालू रक्तस्रावाची तपासणी ईदनंतर ढकलू नये.

आणि घरातली माहिती लपवू नका. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल तर बाकीच्यांनी ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. अब्बांना ४८ व्या वर्षी निदान झाले, तर मुलाची आणि मुलीचीही तपासणी ३८ व्या वर्षी. दादी "पोटाच्या आजाराने" गेली एवढेच ठाऊक असेल, तर तो आजार कोणता आणि तेव्हा तिचे वय काय, हे फुफीला आजच विचारून ठेवा.