मुंबईचा डॅगेरोटाइपकार विल्यम जॉन्सन : एक अभ्यास

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून जुन्या छायाचित्रांचा आधार घेतला जातो. छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज त्यामागे असतो. तो कितपत ग्राह्य धरावा, हे पाहण्याच्या दृष्टीने विल्यम जॉन्सन याची मुंबईतील कारकीर्द उद्बोधक ठरते.

लुई डॅगेर या फ्रेंच चित्रकाराची छायाचित्रणपद्धती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन तो आरशासारखा घासावयाचा, आयोडिनच्या वाफेने प्रकाशसंवेदी करावयाचा आणि कॅमेऱ्यातून काढल्यावर पाऱ्याच्या वाफेवर धरावयाचा; तेव्हा कोठे प्रतिमा उमटे. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने हा व्यवसाय आरोग्यास घातकच होता. प्रतिमा विलक्षण सुस्पष्ट असे, परंतु ती एकमेव असे. तिच्यापासून कागदावर प्रती छापता येत नसत. नुसते बोट फिरले तरी ती बिघडे, म्हणून काचेखाली बंद करून डबीत ठेवावी लागे.

जॉन्सन १८४८ च्या सुमारास मुंबईत सरकारी नोकरीत कारकून होता. १८५२ च्या सुमारास त्याने ग्रँट रोडवर डॅगेरोटाइपचा स्टुडिओ थाटला. शहर वाढत होते. १८४९ च्या गणनेतील ५,६६,११९ ही लोकसंख्या १८६४ मध्ये ८,१६,५६२ झाली. दरम्यान १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली होती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जॉन्सन होता. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या संस्थेशी निगडित होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. ही कला एतद्देशीयांनी किती लवकर आत्मसात केली, हे यावरून दिसते.

१८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियन पद्धती प्रसिद्ध केली. काचेवरील एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. जॉन्सननेही धातूचा पत्रा सोडला. विल्यम हेंडरसनसमवेत त्याने १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालविले. त्यात प्रत्यक्ष छायाचित्रेच चिकटविलेली असत. मुंबईतील विविध जातिजमातींवरील त्याचा सचित्र ग्रंथ लंडनहून दोन खंडांत, १८६३ व १८६६ मध्ये प्रकाशित झाला. पहिला खंड गुजरात, कच्छ व काठेवाड यांविषयी, तर दुसरा महाराष्ट्राविषयी आहे.

खरा प्रश्न येथूनच उद्भवतो. या ग्रंथातील माणसांची छायाचित्रे स्टुडिओत घेतलेली असून मागील देखावे दुसऱ्या निगेटिव्हवरून जोडलेले आहेत. म्हणजे चित्रातील माणूस त्या जागी कधी उभा राहिला असेलच असे नाही. शिवाय चित्राखाली मुख्यतः जात, जमात वा व्यवसाय येतो. व्यक्तीचे नाव क्वचितच. डॅगेरोटाइपचे गिऱ्हाईक स्वखुशीने येई, पैसे मोजी आणि आपली एकमेव प्रतिमा घरी नेई. ग्रंथातला माणूस मात्र ‘नमुना’ बनून परक्यांच्या संग्रहात गेला.

म्हणून ही चित्रे संशोधनात वापरताना पगडी, लुगड्याची नेसण, दागिने यांचा विचार स्टुडिओतील मांडणी गृहीत धरूनच करावा लागतो. पाठीमागील देवळावरून वा वाड्यावरून मात्र कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी माणसाच्या पायांपाशी पाहावे. दोन निगेटिव्हांचा सांधा असल्यास तो बहुधा तेथेच असतो.