राखलेलं जंगल, हरवलेली शेतं

जानेवारी १९७५मध्ये केन ब्रुगर आणि कातालिना आग्वादो यांना मेक्सिकोतल्या सेरो पेलोन डोंगरावर मोनार्क फुलपाखरांचा हिवाळी मुक्काम सापडला. ओयामेल या सूचीपर्णी झाडांच्या फांद्या फुलपाखरांच्या भाराने वाकल्या होत्या. आसपासच्या गावकऱ्यांना ते दृश्य नवं नव्हतं. कॅनडा-अमेरिकेतून निघालेली फुलपाखरं जातात कुठे, हे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कर्ट यांचं कित्येक वर्षांचं कोडं मात्र तिथे सुटलं. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत, फुलपाखरं जिथे गोळा होतात ते जंगल राखण्यासाठी बरीच धडपड झाली. ती जिथे जन्मतात त्या शेतांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं.

जंगलाची राखणही आधी कच्चीच होती. १९८६मध्ये सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र संरक्षित झालं, पण ज्या गावांची ती सामायिक जमीन, त्यांचा लाकडाचा हक्क भरपाईविना गेला आणि चोरटी तोड चालूच राहिली. २०००मध्ये क्षेत्र ५६ हजार हेक्टरांवर गेलं, तोड सोडणाऱ्या गावांना मोबदला मिळू लागला आणि पुढे मोठी तोड बरीच आटोक्यात आली. तरीही १९९६-९७च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांवर पसरलेली फुलपाखरं २०१३-१४मध्ये अवघ्या ०.६७ हेक्टरात मावली. कारण उत्तरेकडे शोधायला हवं होतं. मोनार्कची अळी वाढते ती मिल्कवीडवरच. ही वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली. पान खुडलं की तसाच पांढरा चीक. त्यातलं विष अंगात साठवून अळी पक्ष्यांपासून वाचते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मिल्कवीड मका-सोयाबीनच्या ओळींत तण म्हणून उगवायचं. १९९६मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारं सोयाबीन आलं, मागोमाग मका. तणनाशक सरसकट उभ्या पिकावर मारता येऊ लागलं. संशोधक प्लेझंट्स आणि ओबरहाउझर यांच्या अंदाजानुसार १९९९ ते २०१०मध्ये या भागातलं ५८ टक्के मिल्कवीड नाहीसं झालं.

काही संशोधक म्हणतात, उन्हाळी मोजणीत एवढी घट दिसत नाही, तेव्हा फुलपाखरं वाटेत मरत असावीत. दुष्काळ आणि वाटेवर फुलांची वानवा यांचा फटका बसतो हे मान्यच करायला हवं. पण मोजणी मुख्यतः बागांत आणि कुरणांत होते. शेतातली फुलपाखरं त्या आकड्यांत फारशी कधी नव्हतीच, मग ती गेल्याचं तिथे दिसणार कसं? दुसरा आक्षेप असा, की मोनार्क ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही आहे, जात काही संपत नाही. खरं आहे. धोक्यात आहे तो हा प्रवास. उन्हाळ्यातल्या पिढ्या काही आठवड्यांत संपतात. शरदात जन्मलेली पिढी मात्र सात-आठ महिने जगते आणि कधीही न पाहिलेल्या डोंगरावर पोहोचते. हे दुसरीकडून आणून बसवता येणार नाही.

२०२४-२५च्या हिवाळ्यात जंगलातल्या फुलपाखरांची व्याप्ती आदल्या वर्षीच्या ०.९० हेक्टरांवरून १.७९वर गेली. एवढ्यावर हुरळून जाऊ नये. २०१८-१९मध्ये ती सहा हेक्टरांवर जाऊन पुन्हा घसरली होती. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मोनार्कला संकटग्रस्त ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. पण मिल्कवीडची जमीन बहुतांशी शेतकऱ्यांच्या खासगी मालकीची आहे. १९८६ची चूक टाळायची, तर बांधावर मिल्कवीड राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती मोबदला आधी पडायला हवा आणि बंधन नंतर.