वर्दीचे कवच कोठवर?

‘चौकशीसाठी बोलावले आहे’, एवढ्या एका वाक्यावर माणूस संध्याकाळी पोलिस ठाण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेथल्या बाकड्यावर बसून राहतो. घरची माणसे विचारायला गेली, तर उत्तर ठरलेले असते : अटक कुठे केली आहे? मग काळजी कशाची? कोल्हापुरात काय किंवा अन्यत्र काय, हा संवाद नवा नाही. कायद्यापुढे मात्र हे उत्तर टिकत नाही. सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले, की अधिकारी कागदावर जी वेळ लिहितो तेव्हा अटक सुरू होत नाही. माणसाला उठून घरी जाण्याची मुभा उरत नाही, त्या क्षणी ती सुरू होते. घटनेने दिलेले चोवीस तास मोजायचे ते तेथून.

ही चोवीस तासांची अट अनुच्छेद २२ मध्ये आहे. तिचा इतिहास कोल्हापूरकरांना विशेष जवळचा वाटावा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कलम घटना समितीपुढे मांडले. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ हे शब्द गळल्याने अनेक सदस्य अस्वस्थ होते. निदान अटकेच्या बाबतीत तरी ती उणीव भरून काढावी, हा या कलमाचा हेतू होता. अटकेची कारणे सांगणे, वकिलाची भेट होऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे या तीन गोष्टी त्यामुळे पोलिसांच्या मर्जीवर राहिल्या नाहीत.

पुढच्या निकालांनी या चौकटीत तपशील भरले. मुंबईच्या पोलिस कोठडीतील महिलांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावरील १९८३ च्या निकालाने दंडाधिकाऱ्यांवर एक कर्तव्य टाकले : समोर आणलेल्या प्रत्येक व्यक्तीला ‘तुला मारहाण झाली का’ असे विचारायचे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क तिला समजावून सांगायचा. रिमांडच्या घाईत हा प्रश्न किती गांभीर्याने विचारला जातो, हे न्यायालयात वावरणाऱ्यांनीच सांगावे. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, त्यावर नातलगाची किंवा प्रतिष्ठित नागरिकाची सही, अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी अशा अटी घातल्या. त्या मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई तर होतेच, शिवाय न्यायालयाच्या अवमानाचाही खटला होऊ शकतो. अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील एका अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. ऐनवेळी ते शक्य नसेल, तर रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास तरी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. न दिल्यास अटकच बेकायदा ठरते.

नियम एवढे असूनही सांगलीत जे घडल्याचा आरोप झाला, ते कोल्हापूर परिक्षेत्रातच घडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत मारहाणीत मरण पावला, त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला आणि तो पळून गेल्याचा बनाव रचला गेला, असा तो आरोप होता. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला आणि पोलिस उपनिरीक्षकासह त्याच ठाण्यातील पोलिसांना अटक झाली. कोठडीत बळी गेल्याचा आरोप झाला, की वर्दीधारी व्यक्ती कायद्यापुढे साधी आरोपी होऊ शकते, हे या भागाने तेव्हा पाहिले.

पण ती आरोपी होण्यापूर्वी एक अडथळा असतो आणि सामान्य तक्रारदाराला त्याची कल्पनाच नसते. १९५१ च्या मुंबई पोलिस अधिनियमाला आता महाराष्ट्र पोलिस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम १६१ नुसार पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. राज्य सरकारची पूर्वपरवानगी असेल, तर खटल्यासाठी ही मुदत दोन वर्षांची होते. दंगल आवरताना किंवा आरोपी पकडताना झालेल्या चुकीसाठी पोलिसाला जन्मभर न्यायालयात खेचले जाऊ नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. प्रश्न असा, की मारहाण हे ‘कर्तव्य’ ठरते का?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. हा अधिनियम कर्नाटकात गेलेल्या जुन्या मुंबई राज्याच्या जिल्ह्यांनाही लागू होता. तेथून आलेल्या १९६३ च्या प्रकरणात एका हेड कॉन्स्टेबलने खोटा पंचनामा केल्याचा आरोप होता. पंचनामा करणे हे पोलिसाचे कामच असल्याने तो खोटा असला तरी कर्तव्याच्या नावाखाली झाला, असे न्यायालयाने मानले. परिणामी सहा महिन्यांनंतरचा खटला बाद झाला. महाराष्ट्रातून आलेल्या आणि १९६६ च्या निकालसंग्रहात नोंदलेल्या आत्माराम प्रकरणात मात्र चोरीच्या मालाच्या संशयावरून लोकांना डांबून मारल्याचा आरोप होता. तेथे न्यायालयाने उलट भूमिका घेतली. साक्षीदाराला किंवा संशयिताला मारून वदवून घेण्यास कायदाच मनाई करतो. मग तसे कृत्य कर्तव्याशी जोडायचे कसे? पोलिसांना कलम १६१ चे कवच नाकारण्यात आले.

दोन्ही निकालांमागचे तर्कशास्त्र एकच असले, तरी नागरिकाच्या वाट्याला येणारे फळ वेगळे आहे. लाठीचा वळ दाखवता आला, तर मुदतीची भिंत आडवी येत नाही. कागदावरच्या खोटेपणाला मात्र तिचा आडोसा मिळू शकतो. प्रस्तुत लेखकाला ही विसंगती खटकते, कारण कोठडीतील अत्याचार झाकला जातो तो बहुतेक वेळा स्टेशन डायरीतल्या नोंदींनीच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कबुलीसाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत, तर गंभीर दुखापत करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसापुढील कबुलीजबाब तसाही पुरावा म्हणून ग्राह्य नाही. लोकसेवकावरील खटल्यासाठी सरकारची परवानगी लागते, तेथे १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असे मानले जाते. ही नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील सुधारणा स्वागतार्ह आहे; पूर्वी अशा फायली वर्षानुवर्षे पडून राहत.

नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे. ‘राज्य सार्वभौम आहे, त्याच्यावर दावा कसला?’ हा जुना बचाव मूलभूत हक्कांच्या बाबतीत चालणार नाही, असे ओडिशातील नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये ठरले. कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला तेव्हा दीड लाख रुपये मिळाले. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत अशा भरपाईसाठी थांबावे लागत नाही.

त्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते आणि येथे कोल्हापूरचे चित्र खरोखर बदलले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. कोठडीत कोणाला डांबून ठेवले असेल, तर पूर्वी नातलगांना रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागे. चोवीस तासांचा हक्क मागण्यासाठीच एक दिवस मोडायचा, असा तो प्रकार होता. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल पोलिस तक्रार प्राधिकरणाकडेही दाद मागता येते. त्यातील विभागीय प्राधिकरण कोल्हापूरसाठी पुण्याला आहे.

दाद कोठेही मागायची असो, सुरुवातीचे काही कागद निर्णायक ठरतात. ठाण्यात नेल्याची वेळ कोणी पाहिली ते लिहून ठेवावे. घरच्यांनी वरिष्ठांना केलेल्या तारेची जागा आता ई-मेलने घेतली आहे. त्यावरची वेळ कोणालाही खोडता येत नाही. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागावी, ती आरोपीला मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या दिवसांतच करावी. २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि किमान वर्षभराचा साठा बंधनकारक केला आहे. आणि तक्रार खोट्या नोंदीबद्दल असेल, तर सहा महिन्यांची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.