तांबड्या समुद्राचा भाव

डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ‘केम प्लुटो’ या टँकरवर ड्रोन आदळला. जहाज कसेबसे मुंबईला पोचले. त्याच सुमारास येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांच्या धास्तीने तांबड्या समुद्राची वाट सोडून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि ‘आता विमाच मिळत नाही’ अशी ओरड झाली. विमा मिळत होता. परवडत नव्हता, एवढेच.

जहाजाच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्ध वगळलेलेच असते. क्षेपणास्त्र, सुरुंग, जप्ती यांसाठी ‘वॉर रिस्क’ विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याचा वार्षिक हप्ता किरकोळ असतो. खरा खर्च नंतर येतो. लंडनच्या विमा बाजारातली जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या समुद्रांची यादी काढते. त्या पाण्यात शिरण्याआधी मालकाने विमा कंपनीला कळवायचे आणि जादा हप्ता भरायचा, तोही बहुधा सात दिवसांपुरता. तांबड्या समुद्रासाठी हा दर आधी जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्क्याच्याही आत होता; जानेवारी २०२४ मध्ये तो ०.७ ते १ टक्क्यापर्यंत चढला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला ०.७ टक्क्याने एका फेरीचे सात लाख डॉलर! दर सगळ्यांना सारखा नव्हता. अमेरिका, ब्रिटन किंवा इस्रायलशी संबंध असलेल्या जहाजांना तो अधिक पडे. म्हणून काही जहाजे आपल्या ट्रॅकिंग यंत्रणेवर ‘सर्व खलाशी चिनी’ असे जाहीर करत निघत. गोळीबाराच्या समुद्रात हे ओळखपत्र किती चालणार, हा भाग वेगळा.

कंपन्यांनी ‘पॉलिसी रद्द केली’ ही बातमीही नीट वाचायला हवी. थोड्या दिवसांची नोटीस देऊन करार मोडण्याचा हक्क पॉलिसीतच असतो, आणि तो बहुतेक वेळा नव्या भावाने पुन्हा करार करण्यासाठीच वापरला जातो. मोठा अपवाद असा : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि चीन यांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध पेटले, तर हे संरक्षण आपोआप संपते.

हे झाले जहाजाचे. मालाचा युद्धविमा मुख्यतः माल पाण्यावर असेपर्यंतचा. माल बंदरात उतरला की विमा संपतो. उतरला नाही, तरी शेवटच्या बंदरात पोचल्यावर पंधरा दिवसांनी संपतो.

नाशिकच्या द्राक्षांनाही २०२४ च्या हंगामात युरोपला जाताना हाच आफ्रिकेचा वळसा पडला. निर्यातदारांनी पॉलिसीतले एक कलम जरूर वाचावे : निव्वळ उशिरामुळे माल खराब झाला, तर प्रमाणित कलमांनुसार भरपाई मिळत नाही, मग तो उशीर युद्धामुळे झालेला का असेना.