धाराशिवच्या गावांनी जगाला दिलेले उत्तर

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, की पेशी हळूहळू बिघडतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे तरी लागतात. तेवढ्या अवधीत बिघाड सापडला, तर साध्या उपचाराने जीव वाचतो. पण दुखणे अंगावर काढण्याची सवय असलेल्या खेड्यातल्या बाईत तो शोधायचा कसा? याचे उत्तर धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातून मिळाले.

पायाभरणी शेजारच्या बार्शीत आधीच झाली होती. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून रुग्ण आणि मृत्यू टिपण्याच्या या कामाने कुणाचा आजार थेट बरा होत नव्हता, म्हणून अशा कामावरचा खर्च अनेकांना वायफळ वाटतो. पण मृत्यूंची चोख नोंद नसेल, तर कोणत्या उपायाने ते कमी झाले हे कधीच कळत नाही.

१९९९ मध्ये टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी जिल्ह्यात अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला त्यात होत्या. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले गेले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी झाली. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरे डाग उमटतात का, हे डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. या गटाची तपासणी न करण्यावर पुढे कडक टीका झाली आणि ती रास्तच होती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ महिला दगावल्या होत्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या एचपीव्ही गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक घट दिसली नाही.

या अभ्यासाला पैसा गेट्स फाउंडेशनने दिला. लाखभर महिलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचा खर्च नफ्याकडे पाहणारी कंपनी सहसा उचलत नाही. तो सार्वजनिक निधीतून किंवा देणग्यांतूनच व्हायला हवा. भारत मात्र सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी खर्च करतो. योग्य ठिकाणी निधी घातला की काय होते, हे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लसीने दाखवले. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची साथ लाभलेल्या या देशी एचपीव्ही लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र आम्ल लावून पाहण्याच्या पद्धतीवर बेतलेली होती, कारण एचपीव्ही चाचणीला महाग संच आणि प्रयोगशाळा लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राला परवडेल असा देशी संच आणि त्याची गावपातळीवरची पडताळणी, यासाठी आता निधी हवा आहे.