दुसरी डिस्क घरात येते

आमच्या गावाला २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, पण माझ्या तोंडी अजून नगरच बसले आहे. तिथे सावेडीला माझ्या भाच्याचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या दिवाळीला आठ दिवस उरले असताना त्याचा फोन आला, "मामा, घात झाला!"

घात असा, की श्रीगोंद्याकडच्या एका कुटुंबाला २०१९ सालच्या लग्नाचे फोटो पुन्हा हवे होते. अल्बम भिजून गेलेला, आणि नवरीची आई मध्यंतरी वारलेली. त्या माउलीचा धड असा फोटो त्या लग्नातलाच. मूळ फोटो भाच्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर, आणि तेही एकाच ठिकाणी! ती डिस्क त्याने चालू संगणकाला दुसरी म्हणून जोडली. बटण दाबले, पंखा फिरला, आणि दोन सेकंदांत सारे चिडीचूप. डिस्क काढली, की संगणक शहाण्यासारखा चालू. शेजारच्या जाणकाराने निकाल दिला, "डिस्क गेली. फेकून द्या."

मी आयुष्यभर साखर कारखान्यात वायरमन होतो. संगणकातले मला बेताचेच कळते, पण मोटार कळते. विहिरीवरची मोटार सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे शेतकरी वाचकांना मी काय सांगावे? हार्ड डिस्क म्हणजे तरी काय, आत चकत्या आणि त्या मिनिटाला ७२०० वेळा फिरवणारी इवलीशी मोटार. सुरू होताना ती बारा व्होल्टवर दोनेक अँपियर ओढते. एकदा वेग घेतला, की पुष्कळ कमी विजेत भागवते. (१९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क काढली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. त्या साऱ्यांत मिळून भाच्याचा एखादाच फोटो मावला असता!)

"माहिती नेणारी वायर काढ, नुसती वीज दे," मी म्हटले. तरीही संगणक बंद पडला. म्हणजे विंडोज, व्हायरस वगैरे आरोपी सुटले. मग शेजारच्या दुकानातल्या संगणकाची वीज डिस्कला दिली. ती गुणगुणत फिरू लागली! तिथेच फोटो उतरवावेत, तर त्या संगणकात जागा नव्हती. पण डिस्क निर्दोष ठरली. उरला वीज देणारा डबा, एसएमपीएस. त्याच्यावर ४५० वॅट छापलेले. पण छापलेले वॅट आणि सात उन्हाळ्यांच्या धुळीनंतर मिळणारे वॅट यांत फरक पडतो. तो डबा उघडू मात्र नये. वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते.

नवा डबा बसवला, तर आता निळा पडदा! जुन्या डिस्कवर जुने विंडोजही होते, आणि संगणक आधी तिच्याकडेच धावत होता. बायोसमध्ये जाऊन क्रम बदलला, तेव्हा कुठे दोघी नांदू लागल्या.

इतक्यात पडद्यावर प्रश्न आला, डिस्क तपासून दुरुस्त करू का? भाच्याचे बोट 'हो'वर जाणार, तोच मी त्याचा हात धरला. आधी नक्कल, मग दुरुस्ती. रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही नकला करीत बसलो. एक आता माझ्या कपाटात असते.

तो फोटोही सापडला. आई मुलीच्या मुंडावळ्या सारख्या करते आहे, आणि कोणाकडे तरी पाहून हसते आहे.